वाटणी

परवा रविवारी दुपारी लाईट गेली, म्हणून आईला मोबाईलवर 'बूट पॉलिश' लावून दिला. 1954 चा, राज कपूरनं काढलेला, दिग्दर्शन प्रकाश अरोरांचं. आई 76 वर्षांची. तिनं हा पिक्चर कधी बघितला नव्हता. मी लहानपणी दूरदर्शनवर बघितला होता आणि माझं मत पक्कं होतं : पोरं झकास, डेव्हिड लाजवाब, शेवट मात्र फसवा.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. भोला आणि बेलू, मुंबईच्या झोपडपट्टीतले भाऊबहीण. आई मेल्यावर कमला चाचीच्या गळ्यात पडलेले. चाची भीक मागायला पाठवते आणि संध्याकाळी सगळी चिल्लर काढून घेते. चोरून दारू विकणारा जॉन चाचा, म्हणजे डेव्हिड, त्यांना शिकवतो की हात पसरू नका, हातानं काम करा. पोरं पैसा पैसा लपवून पॉलिशचं सामान घेतात, चाचीला पत्ता लागतो, ती बडवून हाकलून देते. मग येतो पाऊस. पावसात कोण बूट चमकवून घेतंय? उपाशी बेलू कुणीतरी फेकलेलं नाणं उचलते आणि भोला तिच्या थोबाडीत मारतो.

मला वाटलं, इथं आई रडणार. आई निवांत शेंगा फोडत होती. "मारणारच की. थोरला हाय त्यो," एवढंच म्हणाली.

तिचा हात थांबला पुढं. बेलू भावापासून तुटते, रेल्वेत बसते आणि एका श्रीमंत जोडप्याला सापडते. ते तिला घरी नेतात, पोरीसारखं ठेवतात. आता पोट भरलंय, अंगावर बरे कपडे आहेत, आणि पोरगी भोलासाठी झुरतेय. आईच्या मांडीवरच्या सुपात टरफलं आणि दाणे एकत्र व्हायला लागले.

आईची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होती. 1958 साली तिचे वडील गेले, तिची आई त्याआधीच गेलेली. आमचा सांगली जिल्हा तेव्हा अजून दक्षिण सातारा म्हणायचा. तासगाव तालुक्यातलं गाव, तीन भावंडं : थोरला तेरा वर्षांचा, आई नऊची, धाकटा चारचा. तेराव्याला जेवणं उरकली आणि सोप्यात माणसं बसली. रानाचं काय करायचं, बैलं कुणी न्यायची, वैरण किती उरली, आणि त्याच बैठकीत पोरं. थोरला चुलत्याकडं, त्यांनी त्याला साताऱ्याला रयतच्या बोर्डिंगात घातला. आई मिरजेला मावशीकडं. धाकटा कऱ्हाडला मामाकडं. सगळं अर्ध्या तासात. पोरं तेव्हा मागल्या दारी हरभऱ्याचे डहाळे खात होती.

या सबंध प्रकरणात कमला चाची कुणीच नव्हती, म्हणून पिक्चरवाल्यांशी माझं जरा भांडण आहे. चाची दुष्ट दाखवली की आपल्याला राग काढायला माणूस मिळतो आणि आपण सुटतो. आईच्या मावशीनं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, सातवीपर्यंत शिकवलं, लग्न करून दिलं. चुलत्यानं फी कधी थकवली नाही. तीन तोंडं एका घरात मावली नसती, हेही खरंच होतं. सगळी चांगलीच माणसं होती आणि सगळ्यांनी मिळून तीन भावंडांच्या तीन दिशा केल्या.

मिरजेत पहिल्या महिन्यात आईवर चोरीचा आळ आला. ताटातली भाकरी ती मोडायची, अर्धी खायची आणि अर्धी परकराच्या घडीत घालून उतरंडीमागं ठेवायची. मुंग्या लागल्या तेव्हा मावशीला दिसलं. मावशी म्हणाली, "पोटाला कमी पडतंय का गं तुला?" आईला सांगता येईना. गावाकडं दोघांत एक भाकरी असायची, अर्धी तिची, अर्धी धाकट्याची. पुढची अर्धी कुणाची हे हाताला अजून कळलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, जुना काळ, आता कायदे आहेत. आहेत. 2015 चा बालन्याय कायदा आहे, जिल्ह्यात बालकल्याण समिती आहे. नातेवाइकांनी पोरं सांभाळली तर बालसंगोपन योजनेतून एका मुलामागं महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात. दत्तक देताना पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावी लागते, हे मला फार आवडतं. पण बालगृहात जायची वेळ आली तर दहा वर्षांपुढं पोरांचं घर वेगळं, पोरींचं वेगळं. म्हणजे भोला आणि बेलू आज सापडले तरी काही वर्षांत दोन दारांतून आत जाणार. त्यामागची कारणं मी समजू शकतो. आणि सोप्यातल्या बैठकीला तर कुठलाच कायदा विचारत नाही. कोविडनंतर आमच्याच भावकीत अशी एक बैठक झाली. मी होतो तिथं. "पोरगी आम्ही नेतो" असं एकजण म्हणाले आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. पोरगी आतल्या खोलीत होती.

तर शेवट. रेल्वे स्टेशनवर भोला भीक मागताना बेलूला दिसतो, शरमेनं पळतो, पडतो, ती त्याला गाठते. ते जोडपं दोघांनाही घेतं. मी इतकी वर्षं हसत आलोय की असं कुठं असतं का. परवा हसलो नाही, पण आईला विचारलं, खोटं वाटतं ना? आई म्हणाली, "खोटंच हाय. पर त्या बाईनं इचारलं तरी."

संध्याकाळी लाईट आल्यावर तिनं धाकट्या मामांना कऱ्हाडला फोन लावायला सांगितला. मामा आता 71 चे. पिक्चरची सगळी गोष्ट सांगून झाल्यावर तिनं विचारलं, मिरजेच्या एष्टीत मला बसवलं तेव्हा तू किती रडला होतास, आठवतंय का? स्पीकर चालू होता. मामा थोडं थांबले आणि म्हणाले, "न्हाई गं आक्का. मला एवढंच आठवतंय, दिवाळीला एक पोरगी आली आणि मामी म्हणाली, ही तुझी भन, पाया पड."

आई "बरं" म्हणाली. मग त्यांना शुगरच्या गोळ्यांचं विचारत बसली.