शेवटचे महायुद्ध कसे लिहावे

आपल्या हातून एखादी लोकप्रिय ॲनिमे मालिका घडली असेल, तिला दहा-बारा वर्षे झाली असतील आणि प्रेक्षक अजूनही तिच्यावर जीव टाकत असतील, तर तो जीव शेवटच्या पर्वात पद्धतशीरपणे कसा घ्यावा, याचे शिक्षण आपण वेळीच घेतले पाहिजे. या विषयात ‘नारुतो शिप्पुदेन’ या निंजांच्या जपानी मालिकेतील चौथ्या महायुद्धाइतका परिपूर्ण पाठ्यक्रम माझ्या पाहण्यात नाही.

प्रथम आपल्या मालिकेने आरंभी कोणते वचन दिले होते ते नीट आठवून घ्यावे, कारण जे मोडायचे ते माहीत असलेले बरे. निंजांच्या बढतीच्या चूनिन परीक्षेत नेजी ह्यूगा नावाचा बुद्धिमान मुलगा कपाळावरील गुलामीची खूण दाखवून सांगतो, की माणसाचे नशीब जन्मतःच ठरते. निंजा-शाळेच्या परीक्षेत वारंवार नापास झालेला अनाथ नारुतो जमीन पोखरून खालून वर येतो, त्याच्या हनुवटीवर ठोसा हाणतो आणि होकागे, म्हणजे गावाचा प्रमुख, झाल्यावर ह्यूगा घराण्याची रीत बदलून दाखवण्याचा शब्द देतो. मालिकेचा सारा डोलारा या ठोशावर उभा आहे, म्हणून घाव तेथेच घालावा. नायकाचे वडील चौथे होकागे निघाले, आई नामवंत उझुमाकी कुळातली निघाली, एवढ्यावर समाधान मानू नये. ‘बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर’ म्हणणाऱ्यांना महायुद्धात थेट पूर्वजन्मच दाखवावा: नारुतो हा सहा मार्गांच्या ऋषीच्या धाकट्या मुलाचा, आशुराचा अवतार आणि त्याचा मित्र व प्रतिस्पर्धी सासुके थोरल्याचा, इंद्राचा. जन्माने काही ठरत नाही हे सांगायला जो उभा राहिला, त्याचे सगळे हजार वर्षांपूर्वीच ठरलेले होते, असे एकदा जाहीर झाले की निव्वळ मेहनतीवर जगणाऱ्या रॉक लीला मागच्या रांगेत उभे करणे सोपे जाते. उरला नेजी. त्याला नारुतो आणि चुलतबहीण हिनाता यांच्यासमोर दशपुच्छ राक्षसाच्या लाकडी भाल्यांवर मरू द्यावे. ती कपाळावरची खूण मृत्यूबरोबर आपोआप पुसली जाते, त्यामुळे नेजी परस्पर मुक्त होतो आणि भावी होकागेला रीत बदलण्याचा त्रासही पडत नाही. दिलेल्या शब्दाचा विषय पुन्हा न काढण्याइतका समजूतदारपणा मालिकेने शेवटपर्यंत दाखवला आहे. तो आपणही दाखवावा.

यानंतर मरणाचा भाव पाडावा. शत्रूपक्षातील काबुतो ‘एदो तेन्सेई’ हे तंत्र वापरून मेलेल्यांची फौजच्या फौज उठवतो. त्यांना तोडले तरी राखेचे कपटे गोळा होऊन शरीर पुन्हा सांधते. मग सासुकेच्या उचिहा कुळातला मृत महारथी मादारा याला मैदानात आणावे आणि त्याच्या हातून आकाशातून प्रचंड उल्का पाडवावी. म्हातारा ओनोकी कमरेची पर्वा न करता ती हवेत पेलतो, खालून गारा नावाच्या निंजाची वाळू आधार देते, सैन्य सुटकेचा श्वास टाकते, आणि तेवढ्यात त्याच उल्केवर दुसरी उल्का आदळते. हे दृश्य खरोखर उत्तम आहे, हे मान्य करावे लागते. परंतु त्याचा खरा उपयोग असा, की पुढे हजारो सैनिकांच्या लढण्याला काहीच अर्थ उरत नाही आणि आपले लिहिण्याचे कष्ट वाचतात. कमरेतून दोन तुकडे झालेली पाचवी होकागे त्सुनादेसुद्धा पुन्हा उभी राहते, तेथे प्रेक्षकाने कोणासाठी हळहळायचे? रॉक लीचा गुरू माइट गाय याने शरीरातील शक्तीचा आठवा, शेवटचा दरवाजा उघडून मादाराला जेरीस आणले, तेव्हा मात्र त्याची किंमत म्हणजे मरण असे ठरलेले असल्याने पर्वाला क्षणभर वजन येण्याचा धोका निर्माण झाला होता. नारुतोने वेळेवर हात लावून त्याचे प्राण वाचवले. पाय कायमचा निकामी राहिला, एवढी हलगर्जी मात्र झालीच.

खलनायक नेहमी एकाच्या पाठीमागे दुसरा असे ठेवावेत. मुखवट्यामागे ओबितो, ओबितोमागे मादारा, आणि मादारा सर्वशक्तिमान झाल्यावर ज्याला तो आपलीच इच्छा समजत आला त्या काळ्या झेत्सूने पाठीमागून त्याच्या छातीत हात घालावा. मग आयत्या बिळावर नागोबा व्हावे तशी झेत्सूची आई कागुया अवतरते. आधीच्या शेकडो भागांत तिचा मागमूस नाही, फारसे बोलणे नाही, फक्त लाव्हापासून बर्फापर्यंत एकामागून एक नवी जगे उघडणे आहे. तिचा मोठा फायदा नैतिक आहे. उचिहा कुळाबद्दलचा संशय, कोनोहा गावाच्या वडीलधाऱ्यांचे राजकारण, सासुकेचा भाऊ इताची याच्या हातून झालेले स्वकुळाचे हत्याकांड, हा सारा अवघड हिशेब मालिकेने वर्षानुवर्षे मांडला होता. द्वेषाची साखळी कशी तोडणार, हा पेन नावाच्या खलनायकाचा प्रश्नही खुंटीवर टांगलेला होता. झेत्सूने आईच्या सुटकेसाठी उचिहांच्या शिलालेखातला मजकूर बदलला होता, असे एका संभाषणात सांगून टाकले की प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी त्याची वर्गवारी बदलता येते: माणसांचे पाप परग्रहावरच्या बाईच्या खाती वर्ग होते.

वेळ काढणे हीही एक कला आहे. कथेत दोनेक दिवस चालणारे हे युद्ध पडद्यावर 2012 पासून 2016 पर्यंत चालले. आपली मालिका साप्ताहिक मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, मागोमाग चालत असेल, तर मूळ कथा संपू नये म्हणून फिलर, म्हणजे मुळात नसलेले भरतीचे भाग, घालावे लागतात, ही सबब योग्यच आहे. परंतु प्रतिभावंताला सबब लागत नाही. मासाशी किशिमोतो यांची मांगा नोव्हेंबर 2014 मध्ये 700 व्या प्रकरणावर संपली. त्यानंतर वर्षभराने, जग मादाराच्या ‘इन्फिनिट त्सुकुयोमी’ या मायास्वप्नात झोपलेले असताना, ॲनिमेने त्सुनादेच्या स्वप्नातले, नारुतोचा गुरू जिराइया याचे पुस्तक उघडले आणि 432 ते 450 हे भाग त्यातच घालवले. प्रेक्षकाला शत्रूच्या मायाजालात अडकल्याचा प्रत्यक्ष अनुभव देण्याची ही युक्ती स्वप्नातल्या स्वप्नातही सुचणार नाही.

एका बाबतीत मात्र या पर्वाचे अनुकरण टाळावे. शेवटी नारुतो आणि सासुके यांना दरीत एकटे सोडले गेले, कागुया विस्मरणात गेली, चक्रा, म्हणजे अंगातली शक्ती, संपला, आणि दोन दमलेले मित्र एकेक हात गमावून शेजारी शेजारी पडले. मालिका इतकी वर्षे ज्याविषयी होती तेच येथे घडले, आणि हे असे पर्वाच्या सुरुवातीलाच झाले असते तर आपले सुमारे दोनशे भाग बुडाले असते.

समाप्तीनंतर दुकान बंद ठेवू नये. शिप्पुदेनचा 500 वा भाग 23 मार्च 2017 रोजी प्रसारित झाला आणि 5 एप्रिलला होकागेसाहेबांच्या चिरंजिवांची ‘बोरुतो’ ही मालिका सुरू झाली; तिच्यात कागुयाचे भाऊबंदही यथावकाश येऊन पोहोचले.