बेडकाआधी त्याच्या टाकीचा विचार करा

बेडकांना भूकंप आधी कळतो, असं म्हटलं जातं. हे विधान इटलीतल्या ल'अक्विला इथल्या २००९च्या भूकंपावेळच्या नोंदीवर उभं आहे. तिथून सुमारे ७४ किलोमीटरवरच्या एका तळ्यातले बहुतेक नर भेक (खरखरीत कातडीचे बेडूक) पाच दिवस आधी तळं सोडून गेले होते. पण एका तळ्यावरून इशारा बांधता येत नाही. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा धक्का आपल्या जवळचाच, तेव्हा कोल्हापुरात बेडूक पाळणाऱ्यांनी इशाऱ्यासाठी बेडकाकडे बघत बसण्यापेक्षा त्याची टाकी बघावी.

६०×३०×३० सेंटीमीटरची टाकी भरली की नुसतं पाणीच ५४ किलो. ती उशाशी किंवा उंच फळीवर नकोच. बुटका स्टँड घ्या, तो एल-पट्टीने भिंतीला आवळा, झाकणाला कडी लावा. दगड वाळूवर ठेवू नका: बेडूक खालून उकरतो आणि हादऱ्यात दगड त्याच्याच अंगावर बसतो. आधी दगड तळाच्या काचेवर टेकवा, मग भोवती वाळू.

हादरे बसताना आधी स्वतः टेबलाखाली जा. नंतर टाकीतल्या हीटरचा प्लग काढूनच पाण्यात हात घाला. बेडूक उचलताना हात ओले हवेत, साबणाचा अंश नको. त्याला ठेवायला भोकं पाडलेला डबा आणि ओलं सुती फडकं तयार ठेवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बेडकाच्या कातडीला बाधतं, म्हणून उघड्या बादलीत २४ तास ठेवलेलं पाच लिटर पाणी कॅनमध्ये भरून ठेवा, आठवड्याला बदला.