किती दिवसांचा खाडा?

परवा म्हापशाला एका साखरपुड्याला गेले होते. पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं, "गो, तू इतकी वर्षं त्या नॅनो औषधांवर काम करतेस, मग तुझं एखादं औषध बाजारात आलं की नाही?" प्रश्नात खोच नव्हती, कौतुकच होतं. मी "नाही काका" म्हटलं, तेवढ्यात वाढपी सोलकढी घेऊन आला आणि विषय राहून गेला. घरी आल्यावर वाटलं, पंचवीसहून जास्त वर्षांचं उत्तर दोन शब्दांत देऊन टाकणं बरं नव्हे. म्हणून लिहितेय. लांबेल.

मी बायोकेमिस्ट. गाव आगरवाडा, तालुका पेडणे. परजीवींमुळे होणारे आजार, त्यातही काळा आजार, आणि त्यावरचं औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरून शरीरात नेमक्या जागी कसं पोचवायचं, हा माझा विषय. हा काही गोव्याचा आजार नव्हे. त्यामुळे "तुला काय पडलंय त्याचं?" हेही बरेचदा ऐकलंय.

पडलंय ते एका वॉर्डामुळे. १९९८ साली, पीएचडी करत असताना, नमुने घ्यायला बिहारमधल्या एका रुग्णालयात गेले होते. काळा आजार सँडफ्लाय नावाच्या, डासाहूनही बारीक माशीमुळे पसरतो. आठवडेच्या आठवडे ताप, पानथरी वाढून पोट पुढे आलेलं, हातापायाच्या काड्या. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक रुग्ण दगावतात. १९२०च्या दशकात कोलकात्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी युरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचं औषध शोधलं आणि अशा औषधांनी पुढे लाखो जीव वाचवले. पण मी गेले तोवर बिहारच्या काही भागांत निम्म्याहून अधिक रुग्णांना अँटिमनी लागूच पडत नव्हती. उरलं होतं अँफोटेरिसिन बी. एक दिवसाआड एक, अशी पंधरा सलाईनं. म्हणजे महिनाभर मुक्काम. सलाईन चालू झालं की हुडहुडी भरायची, मागोमाग ताप, आणि मूत्रपिंडांवर ताण.

तिथे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. बाप शेतमजूर. सहाव्या सलाईननंतर तो तिला घरी घेऊन गेला. अडाणी म्हणून नव्हे. त्याने हिशेब केला होता आणि तो मला सांगितलाही. रोजची मजुरी बुडतेय, घरी आणखी तीन तोंडं आहेत, मुलीचा ताप उतरलाय. माझे आजोबा मिठागरात राबायचे, त्यांच्या तोंडी एक शब्द असायचा, खाडा. अंगात ताप असला तरी ते आगरात जायचे, कारण खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. त्या वॉर्डात मला तोच शब्द आठवला. तेव्हापासून कुठलंही औषध दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो, याला किती दिवसांचा खाडा पडतो?

आता थोडं रसायनशास्त्र. अँफोटेरिसिन हे १९५०च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. ते परजीवीच्या पेशीपटलाला भोकं पाडतं, पण आपल्या पेशीही त्यातून पुरत्या सुटत नाहीत. मग ते चरबीच्या बुडबुड्यांत गुंडाळायची कल्पना आली. हे बुडबुडे, म्हणजे लायपोसोम, १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले होते. गंमत पुढे आहे. हा परजीवी लपतो मॅक्रोफेज पेशींमध्ये, म्हणजे शरीरात जे काही परकं दिसेल ते गिळणाऱ्या पेशींत. पानथरी, यकृत, अस्थिमज्जा ही त्यांची ठाणी. आपण औषधाचे कण रक्तात सोडले की याच पेशी ते आपणहून गिळतात आणि औषध थेट चोराच्या घरात पोचतं. कॅन्सरवर नॅनो औषधं करणारे या पेशींना चुकवण्यात उमर घालवतात. आम्हाला त्या हव्याच असतात. नॅनोमेडिसिन म्हटलं की लोकांना कॅन्सरच आठवतो, पण या तंत्राचा सगळ्यात सरळ, सगळ्यात देखणा उपयोग गरिबाच्या तापावर झालाय, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगते.

आपल्याकडेही हे काम झालं. दिल्ली विद्यापीठात बिमलकुमार बच्छावत आणि मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी लायपोसोमल अँफोटेरिसिन देशातच उभं केलं. मराठी घरांत ही नावं क्रिकेटपटूंसारखी माहीत असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

आणि मग २०१०. बिहारमधल्या ४१२ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल छापून आले. एका गटाला लायपोसोमल औषधाचं एकच सलाईन, दुसऱ्याला जुनी पंधरा. सहा महिन्यांनी बरे असलेले, एका सलाईनने ९५.७ टक्के, पंधरांनी ९६.३ टक्के. एकीकडे एक दिवस, दुसरीकडे महिना. तो लेख मी प्रयोगशाळेत उभ्यानेच वाचला आणि रडले. त्यात माझा काडीचाही वाटा नव्हता. फक्त ते सातवं सलाईन, जे त्या मुलीला मिळालंच नाही, ते आता कुणालाच लागणार नव्हतं.

हेच औषध पुढे २०२१च्या मे महिन्यात तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. काळ्या बुरशीच्या दिवसांत इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव हिंडत होते. मलाही रात्री-बेरात्री फोन आले. मी कुणालाही एक कुपी देऊ शकले नाही. ते दिवस अजून अंगावर येतात.

पण नॅनो म्हणजे सगळ्यावर उतारा, असं मी कधीच म्हणणार नाही. गोव्याचाच मलेरिया घ्या. तो इथे आटोक्यात आला तो कुठल्याही सूक्ष्म कणामुळे नव्हे. टाक्यांवर झाकणं बसली, बांधकामांवर साठलेलं पाणी तपासलं गेलं, मजुरांची हेल्थ कार्डं झाली, आरोग्य खात्याची माणसं उन्हातान्हात साइटवर जाऊन रक्त तपासत राहिली. शिवाय मलेरियाचा परजीवी राहतो लाल पेशीत, आणि ती पेशी मॅक्रोफेजसारखी काही गिळत नाही, त्यामुळे आमची युक्ती तिथे चालत नाही. यकृतात दडून बसणाऱ्या व्हायवॅक्स जातीच्या मलेरियाची गोष्ट वेगळी. त्याला प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात, आणि तिसऱ्या दिवशी ताप गेला की सेंट्रिंगवरचा माणूस उरलेल्या गोळ्या विसरतो. काही महिन्यांनी तोच ताप परत. तिथे औषध यकृतापर्यंत नेऊन दिवस कमी करता आले तर जरूर करावेत. जिथे खाडा वाचत नाही, तिथे नुसतं नॅनो नाव लावून अनुदान मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी बैठकांतही बोलून दाखवते.

आता काकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर. लायपोसोमल औषधालाही अडचणी आहेत. ते २५ अंशांच्या खाली ठेवावं लागतं. बिहारच्या जूनमध्ये, जिथे वीज येते-जाते, तिथे हा अंक किती अवघड आहे ते वेगळं सांगायला नको. ते महाग आहे, आणि आपल्या काळा आजार निर्मूलन कार्यक्रमाला २०११ नंतर कंपनीकडून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत देणगी म्हणून मिळत आलंय. देणगीवर किती वर्षं विसंबायचं?

म्हणून गेली बारा-तेरा वर्षं मी आमच्या आगरांकडे वळलेय. एप्रिल-मे महिन्यात मीठ ओढून झाल्यावर मागे जे दाट खारं पाणी उरतं, त्याला लालसर झाक येते, ती पाहिली असेल तुम्ही. ती खारात जगणाऱ्या आर्किया या सूक्ष्मजीवांची. त्यांच्या पटलातली चरबी आपल्यासारखी नसते. तिचे रासायनिक जोड ईथर प्रकारचे, आपले एस्टर प्रकारचे. उन्हाने, हवेने, आम्लाने ती सहज मोडत नाही. अर्जेंटिनातल्या किल्मेस विद्यापीठातल्या गटाने अशा चरबीचे कण बनवून दाखवले आणि मॅक्रोफेज ते साध्या लायपोसोमपेक्षा कितीतरी अधिक गिळतात हेही दाखवलं. ते वाचलं तेव्हा मला आजोबांचं आगर दिसलं. ज्या पाण्यात ते दिवसभर गुडघ्यापर्यंत उभे असायचे, त्यातच फ्रिज न लागणारं औषधाचं वेष्टण असू शकतं!

काम अजून प्रयोगशाळेतच आहे. कित्येक लिटर पाण्यात हे आर्किया वाढवावेत तेव्हा थोडे मिलिग्रॅम चरबी हाती लागते. गेल्या वर्षी एका समितीने प्रस्ताव परत पाठवला. शेरा होता की आजार संपत आलाय, मागणी राहणार नाही. आजार संपत आलाय हे खरंच, आणि केवढी आनंदाची गोष्ट! बांगलादेशाला २०२३ मध्ये तसं प्रमाणपत्रही मिळालं. आपल्याकडे प्रत्येक विकासगटात (ब्लॉकमध्ये) दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट गाठलं गेलंय. पण बरे झालेल्यांपैकी काहींच्या कातडीवर महिन्यांनी, वर्षांनी चट्टे उठतात. त्यात परजीवी जिवंत असतो, आणि चावणारी माशी तो पुढे नेऊ शकते. या चट्ट्यांवर मिल्टेफोसिनच्या गोळ्या बारा आठवडे घ्याव्या लागतात, आणि गर्भाला धोका म्हणून बायकांना त्या काळात दिवस जाऊ देता येत नाहीत. चेहऱ्यावर चट्टे आणि घरात लग्नाची मुलगी, ही काय परिस्थिती असते ते मी पाहिलंय. कातडीतून आत शिरणारा, घरी लावता येणारा मलमासारखा उपाय मला त्यांच्यासाठी हवाय. शेवटचे रुग्ण थोडे असतात म्हणून त्यांच्यासाठीचं संशोधन थांबवायचं, हा न्याय मला मान्य नाही. प्रस्ताव मी पुन्हा पाठवलाय.

एक विनंती. आगरवाड्यातली निम्म्याहून जास्त आगरं आमच्या डोळ्यांदेखत पडीक झाली. बांध फुटले, राबायला माणसं नाहीत. पेडण्यात किंवा तिसवाडीत कुणाचं आगर या वर्षी चालू असेल, तर मीठ काढून झाल्यावर ते लालसर पाणी लगेच सोडून देऊ नका. मला मेसेज करा. पाऊस पडायच्या आत बाटल्या घेऊन मी स्वतः येते.