छत्तिसाचे त्रेसष्ट करताना

छत्तीस हा आकडा देवनागरीत लिहून बघा. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून रुसून बसलेले दिसतील. तेच दोघं जागा बदलून बसले की त्रेसष्ट होतात, थेट तोंडासमोर तोंड. विरुद्ध स्वभावाची दोन माणसं निसर्गरम्य ठिकाणी भेटतात, भांडतात आणि प्रेमात पडतात, या गोष्टीत याहून जास्त काही घडत नाही. म्हणूनच ती सगळ्यांना सोपी वाटते. डोंगर आहे, समुद्र आहे, दोघं दिसायला बरी आहेत, मग लिहायचं ते काय राहिलं? असं विचारणाऱ्याच्या हातात मला पटकथा लिहायला ११० कोरे कागद द्यावेसे वाटतात.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. दहाव्या-बाराव्या पानापर्यंत दोघांची गाठ पडायला हवी. पंचविसाव्याच्या आसपास ती एकमेकांच्या गळ्यात पडायला हवीत (नाइलाजाने, प्रेमाने नव्हे) आणि ऐंशीच्या पुढेमागे कडकडून बिनसायला हवं. हे वेळापत्रक पाळलं तर लोक म्हणतात, ठरावीक आहे. नाही पाळलं तर म्हणतात, लांबलंय.

पहिली अडचण स्वभावाची. ‘ती शिस्तीची, तो बेफिकीर’ असं लिहून हाती काहीच लागत नाही, कारण शिस्त कॅमेऱ्यात दिसत नाही. बॅग दिसते. तिला चार चाकांची, कडक कवचाची सूटकेस द्या. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर ही बॅग एका बोटाने पळते. पण तिची चाकं लहान असतात आणि चारही दिशांना गरगर फिरतात. जुन्या गावातल्या दगडी फरसबंदीच्या फटीत त्यातलं एक शिरतं, आडवं होतं आणि बॅग हट्टी पोरासारखी रस्त्यातच बसकण मारते. दोन चाकांची बॅग तिथे निमूट चालते, कारण तिची चाकं मोठी, कवचात निम्मी बुडवलेली असतात आणि एकाच दिशेला फिरतात. हे माहीत असलं की विनोद आपोआप सुचतो. माहीत नसलं की नायिकेला केळीच्या सालीवरून घसरवावं लागतं.

त्याच्या पाठीवर सात किलोची सॅक आणि पायात निघायच्या आदल्या दिवशी घेतलेले बूट. सूटकेसवरून तो तिची यथेच्छ टिंगल करतो. मग तिसऱ्या किलोमीटरला त्याची टाच चुरचुरायला लागते. घामाने ओला झालेला मोजा आणि पायाला न रुळलेला बूट एकत्र आले की कातडी घासून फोड येतो. चिकटपट्टी लावायची ती नुसतं चुरचुरत असतानाच, फोड फुटल्यावर नाही. हे तिला माहीत असतं. ती पट्टी सूटकेसच्या आतल्या कप्प्यात, लहान कात्रीसकट असते. पट्टीचे कोपरे गोल कापायचे, नाहीतर ते मोज्याला अडकून सुटतात, हेही तिला माहीत असतं. पण पट्टी लावायची तर तिला भर रस्त्यात त्याच्या टाचेशी बसावं लागतं, आणि त्याला तो घामट मोजा काढावा लागतो. अख्ख्या पटकथेत दोघांना एकाच वेळी काय बोलावं ते कळत नाही, अशी ही पहिली जागा. मागे कितीही देखणी दरी असो, इथे कॅमेरा टाचेवर ठेवावा असं माझं मत आहे.

हिशेब साधा आहे. प्रत्येकाची सवय एकदा त्याला स्वतःला गोत्यात आणते आणि एकदा दुसऱ्याला वाचवते. असे चार प्रसंग होतात. तीनच लिहिले तर एक जण कायम बरोबर ठरतो आणि दुसरा पटकथाभर सुधारत राहतो. मग ती प्रेमकथा राहत नाही, शिकवणी होते.

मानसशास्त्र या कामी फारसं उपयोगी पडत नाही. समान आवडीनिवडीची आणि समान मतांची माणसं जवळ येतात, असंच बहुतेक अभ्यास सांगतात. ठिकाणाच्या बाजूने मात्र एक जुना पुरावा आहे. १९७४ मध्ये डटन आणि अॅरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो दरीवरच्या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. पूल सुमारे १३७ मीटर लांब, खाली सत्तर मीटर खोल दरी. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एका तरुणीने प्रश्नावली भरायला दिली आणि वर आपला फोन नंबरही दिला. नंबर घेणाऱ्या १८ जणांपैकी नऊ जणांनी नंतर फोन केला. शेजारच्या भक्कम, ठेंगण्या पुलावर तोच नंबर १६ जणांनी घेतला, फोन केला दोघांनी. भीतीने धडधडलेल्या छातीने ती धडधड तरुणीच्या खात्यावर मांडली, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे या प्रयोगावर आक्षेपही बरेच आले, पण पटकथा लिहिणाऱ्याला एवढा आधार पुष्कळ होतो. पूल नुसता दिसून भागत नाही, तो हललाही पाहिजे.

ठिकाणाला काम द्यायचं म्हणतात ते हेच. बहुतेक पटकथांत ठिकाण फोटो स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासारखं मागे उभं असतं. बेट असेल तर वारा वाढवा. बोट जेटीला लावताना आपटायची भीती असते, म्हणून शेवटची फेरी रद्द होते. मग एकटी हीच दोघं नव्हे, सगळेच प्रवासी अडकतात, खोल्या भरतात आणि यांच्या वाट्याला एक उरते. हॉटेलवाल्याने नोंदवहीत घोळ केला म्हणून एकच खोली, हे कारण आता सन्मानाने निवृत्त करावं. एका खोलीची युक्ती स्वतः मात्र चिवट आहे. १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये दोघांच्या खाटांमध्ये दोरी बांधून कांबळं टाकलं होतं, आणि त्या चित्रपटाला ऑस्करची पाचही मानाची बक्षिसं मिळाली. कांबळ्याच्या दोन बाजूंना कोण झोपलंय यापेक्षा दोरी कोण बांधतं, हे जास्त महत्त्वाचं. यादी करणाऱ्या बाईकडे दोरी असणारच. गाठ मात्र त्यालाच मारता येते.

आता संवाद. मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक फुकटचं हत्यार मिळतं, ते म्हणजे ‘तुम्ही’ आणि ‘तू’. अनोळखी माणसं ‘तुम्ही’वर सुरू होतात. ‘तू’वर कधी यायचं? हौशी लेखक चांदण्यात, हात हातात घेऊन आणतात. तिथे ते लाडिक होतं. पहिलं ‘तू’ रागात निसटावं.

“तुम्ही म्हणालात जेटी डावीकडे आहे.”

“नकाशात डावीकडेच आहे.”

“तू नकाशा उलटा धरलायस!”

यावर कुणीही काहीही म्हणायचं नाही. ‘मला तू म्हणालीस?’ असं त्याला विचारू दिलं की संपलं. त्याने फक्त नकाशा सरळ करायचा आणि पुढच्या वाक्यात, जणू काही झालंच नाही, असं ‘तू थांब, मी बघून येतो’ म्हणायचं. भांडणही एकमेकांबद्दल असू नये, नकाशाबद्दल, खिडकीबद्दल, दिव्याबद्दल असावं. आणि ऐंशीव्या पानावर बिनसलं की तिने थंडपणे परत ‘तुम्ही’वर जावं. “तुमची सॅक राहिलीये.” एवढ्या तीन शब्दांत जे होतं, ते व्हायोलिनच्या ताफ्याला जमत नाही.

बिनसल्यावर तो तिला फोन का करत नाही, हा प्रश्न हल्लीचा प्रेक्षक विचारतोच. ‘रेंज नाही’ हे उत्तर शिळं झालं. डोंगर असेल तर थंडी वापरा. कडाक्याच्या थंडीत फोनच्या लिथियम बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात, व्होल्टेज घसरतं आणि पडद्यावर वीस टक्के दिसत असतानाच फोन मान टाकतो. गंमत म्हणजे अंगाच्या उबेने तोच फोन पुन्हा चालू होऊ शकतो. म्हणजे त्याने तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा आणि दहा पानांनी, नको त्या वेळी, तिचा मेसेज छातीशी वाजावा.

मग तो धावतो. धावतोच. फक्त लिहिताना उंची बघावी. ३,००० मीटरवर दर श्वासात समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास प्राणवायू मिळतो. नट आदल्या दिवशी विमानाने आलेला असतो. पटकथेत ‘चढण धावत पार करतो’ असं लिहायला दोन सेकंद लागतात, पाच टेकनंतर त्याचं डोकं ठणकायला लागतं. चाळीस पावलं लिहावीत. बाकीची चढण संकलक पळतो.

इथवर सगळं कागदावर होतं. खरी परीक्षा सूर्यास्ताची. प्रत्येक पटकथेत असतो आणि त्याच्यासमोर तीन पानांचा कबुलीजबाब असतो. विषुववृत्ताजवळ सूर्याचं बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पुरतं बुडेपर्यंत जेमतेम सव्वादोन मिनिटं लागतात; ध्रुवांकडे सरकावं तसा वेळ वाढतो. एक लांबचा शॉट, एक त्याचा, एक तिचा, प्रत्येकी दोन टेक. म्हणजे सूर्याला त्या संध्याकाळी निदान सहा वेळा मावळावं लागेल. म्हणून सूर्य दिसणारा लांबचा शॉट तेवढा त्या दोन मिनिटांत उरकतात. दोघांच्या आकृत्या काळ्या, ओठ दिसत नाहीत, तेव्हा संवाद मागून चिकटवता येतात. जवळचे शॉट दिव्यावर नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून घ्यायचे. त्याच्या गालावर जो मावळता सूर्य चमकतो, तो तिपाईवर उभा असतो आणि त्याची वायर जनरेटरला गेलेली असते.

लाटांचा आवाज मनाला शांत करतो असं म्हणतात. साउंड रेकॉर्डिस्टला विचारू नये. हा आवाज माणसाच्या बोलण्याच्या सगळ्या पट्ट्यांवर पसरलेला असतो, त्यामुळे गाळून काढता येत नाही. शिवाय प्रत्येक टेकमध्ये लाट वेगळ्या शब्दावर फुटते. ‘माझं तुझ्यावर’ एका टेकमधून आणि ‘प्रेम आहे’ दुसऱ्यातून घेतलं की मधोमध समुद्र उडी मारतो. उपाय आहे. मायक्रोफोनला फरचं टोपडं घालून तो कॉलरखाली लपवायचा आणि नंतर सगळ्यांना गप्प बसवून नुसत्या लाटा दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करायच्या, म्हणजे जोड लपवायला अंथरूण मिळतं. तेही फसलं की डबिंग. अखेर दोघं बंद खोलीत, वेगवेगळ्या दिवशी, कानाला हेडफोन लावून एकमेकांच्या प्रेमात पडतात.

चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने होत नाही, जागेच्या क्रमाने होतं, हे तर सांगायलाच नको. समुद्रकिनाऱ्याची परवानगी पहिल्या आठवड्यात असेल तर शेवटचं चुंबन पहिल्या दिवशी. नट-नटी आदल्या रात्री भेटलेली. कॅमेऱ्यासमोर ‘तू’ आणि कट म्हटल्यावर “तुमचा खांदा जरा इकडे घ्याल का?”

त्यात पटकथेत लिहिलेलं असतं ‘सूर्योदय’. पहाटे चारला उठायला कुणीच तयार नसतं, म्हणून सूर्यास्त घेऊन तो उलटा चालवायचा, ही जुनी पळवाट आहे. सूर्य वर येतो खरा, पण लाटा किनाऱ्यावरून समुद्रात परत जातात आणि पक्षी शेपटीकडून उडतात. शिवाय उत्तर गोलार्धात उगवता सूर्य उजवीकडे कलत चढतो. हा डावीकडे कलतो. ते झाकायला चित्र आरशासारखं फिरवलं की सूर्य सुधारतो, पण किनाऱ्यावरच्या होडीचं नाव उलटं वाचावं लागतं आणि नायकाचा भांग दुसऱ्या बाजूला जातो. कंटिन्युइटी सांभाळणारी मुलगी वही उघडते. आदल्या शॉटमध्ये बॅग कुठल्या खांद्यावर होती, ते तिच्याकडे तारखेसकट लिहिलेलं असतं.