जुनं चांदीचं नाणं ओळखण्याच्या खात्रीशीर घरगुती पद्धती

ट्रंकेच्या तळाशी मोठं, जड, अनोळखी चांदीचं नाणं सापडलं तर सर्वात आधी त्याच्याकडे बघणं टाळा. बघितलं की त्यावर काय लिहिलंय ते दिसतं, आणि मग सगळी मजाच जाते.

त्यापेक्षा थेट किंमत विचारा. नाणं कुठलं, कधीचं, खरं की खोटं, ह्या भानगडी रिकामटेकड्या लोकांच्या. ओळखीत ज्याला 'नाण्यांतलं कळतं' त्याला रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा आणि खाली लिहा, 'किती येतील?' फोटो एकाच बाजूचा, ट्यूबलाइटखाली, हलत्या हाताने काढलेला असावा. अंगठा नेमका सालावर ठेवा.

समोरच्याने कडेचा फोटो मागितला तर हा माणूस तुम्हाला फसवणार, हे नक्की समजा.

मग इतिहास. तो स्वतःच लिहायचा असतो. परवा एका गृहस्थांनी मला पाठवलेल्या नाण्यावर एका बाजूला हातात त्रिशूळ घेतलेली स्त्री होती, म्हणजे देवी. देवी म्हणजे शिवकाल. मागच्या बाजूला उर्दूसारखी अक्षरं, म्हणजे मोगल. दोन्ही एकाच नाण्यावर, म्हणजे तहाच्या वेळचं! महाराजांचा होन सोन्याचा आणि शिवराई तांब्याची होती, असल्या क्षुल्लक गोष्टी मध्ये आणायच्या नाहीत. आणि त्या देवीच्या दोन बाजूंना ठसठशीत इंग्रजीत 'वन डॉलर' आणि पायाखाली '1902' लिहिलं होतं, तिकडे तर मुळीच लक्ष द्यायचं नाही. गृहस्थ इंजिनिअर आहेत.

त्रिशूळवाली बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं स्त्रीरूपातलं प्रतीक. नाणं म्हणजे ब्रिटिश ट्रेड डॉलर. 1895 पासून 1935 पर्यंत हे पाडले गेले, हाँगकाँग, सिंगापूर, पेनांगकडच्या व्यापारासाठी. 'उर्दू' ती जावी, म्हणजे अरबी वळणाच्या लिपीतली मलय, शेजारी चिनी, आणि मधोमध दीर्घायुष्याचं चिनी चिन्ह. तिन्ही भाषांत एकच मजकूर, एक डॉलर. आता गंमत ऐका. हे 'चिनी' नाणं बहुतेक वेळा आपल्या फोर्टातल्या टांकसाळीतलं असतं. त्रिशुळाच्या मधल्या दात्यावर भिंगातून बारीक 'बी' दिसतो, तो मुंबईचा. कलकत्त्याचा 'सी' तिच्या डाव्या पायापाशी. पण भिंग कशाला हवं? 'चोवीसशे वर्षं जुनं' असं लिहून विकायला टाका, कुणीतरी घेईलच.

खरेपणाची परीक्षा लोहचुंबकाने घ्यावी. चिकटलं नाही की अस्सल. पितळ चिकटत नाही, तांबं चिकटत नाही, नावापुरतंच सिल्व्हर असलेलं, चांदी नसलेलं जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही, त्यामुळे ह्या परीक्षेत नापास होणं फार अवघड, आणि आपल्याला तेच तर हवं असतं.

खणखणीत आवाज येतो का हे बघण्यासाठी नाणं फरशीवर उंचावरून आपटा. कड चेपली तर पुन्हा आपटा.

वजन करू नका. सोनाराच्या काट्यावर दोन मिनिटांचं काम आहे, म्हणूनच करू नका. ह्या डॉलरमध्ये शंभरात नव्वद भाग चांदी, वजन जवळजवळ 26.95 ग्रॅम, व्यास 39 मिलिमीटर. आपला जुना चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे हे सव्वादोन रुपयांहून थोडं जड. खोटं नाणं आकाराने बरोबर असतं आणि काट्यावर बावीस-तेवीस ग्रॅमवर थांबतं. वजनही जुळवलं असेल तर पाण्याचा पेला काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात बुडवून अधांतरी धरा. चांदीचं असेल तर काटा 2.6 ग्रॅमच्या आसपास दाखवतो, पितळेचं असेल तर तीनच्या वर जातो. अर्थात, चांदी खरी निघाली म्हणजे नाणं खरं असं नाही, कारण हल्ली नकलाही चांदीच्या येतात. मग साल बघावं लागतं. पहिल्या महायुद्धात हे डॉलर पाडलेच गेले नव्हते. तुमच्या डॉलरवर 1916 असेल तर अभिनंदन. 1935 चे जवळजवळ सगळे वितळवले गेले, तेव्हा ते साल दिसलं तर आनंदाच्या आधी संशय घ्या.

आणि सर्वात महत्त्वाचं, फोटो काढायच्या आधी नाणं घासा. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची तार, घरात असेल ते. ते काळंनिळं काय चढलंय ते मळच असणार, नाही का? शंभर-सव्वाशे वर्षं हवेतल्या गंधकाने चांदीवर जो थर धरतो तो मळ नसतो हो! तो घासला की त्याच्याबरोबर चांदीही जाते, आणि मागे उरतात बारीक ओरखडे, जे कुठलाही जाणकार नाणं उजेडात तिरकं धरून एका क्षणात ओळखतो. ओळखलं की किंमत चांदीच्या भावावर. ह्या गृहस्थांनी नुसतं घासलं नाही. त्या नाण्यावर लहान लहान चिनी ठसे होते. तिकडचे सराफ नाणं पारखलं की आपला ठसा ठोकत, आणि अशी ठसे असलेली नाणी मुद्दाम जमवणारे लोक आहेत. सोनाराने सांगितलं, 'खराब झालंय, पॉलिश करून देतो.' ह्यांनी करू दिलं! वर कडी लावायला डाग दिला, कारण सूनबाईंना लॉकेट आवडलं असतं. आणि मग मला विचारतात, किती येतील?

काही येणार नाहीत. घासायच्या आधीही कोटी येणार नव्हते, कारण असे डॉलर कोट्यवधी पाडले गेलेत. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आमच्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांच्या नादी लागू नका, असं रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये स्वतः सांगितलंय, तेही तुम्ही वाचलं नाही. तुम्हाला नाणं कळून घ्यायचंच नव्हतं, तुम्हाला आकडा हवा होता.

पणजोबा पेनांगच्या बोटीवर होते आणि पहिल्या पगारातला एक डॉलर त्यांनी ठेवून दिला होता, हे मला तुमच्या आईंनी सांगितलं. कागदपत्रांच्या पिशवीत त्यांचं बोटीवरचं पुस्तकही आहे म्हणाल्या. नाण्याबरोबर ते असतं तर वेगळी गोष्ट होती. तुम्ही त्यांना विचारलंसुद्धा नाही. आता ते पुस्तक तरी रद्दीत घालू नका, आणि कृपा करून त्याला पॉलिश करू नका.