‘ठकणे’ इंग्रजांकडून आलेलं नाही

एक मजकूर सध्या कोल्हापुरात या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ‘ठक’ हा शब्द इंग्रजी ‘थग’वरून मराठीत आला, त्याचा मूळ अर्थ रुमालाने गळा आवळणारा, ‘ठकणे’ आणि ‘थकणे’ एकच, आणि इंग्रज येण्याआधी आपल्याकडे फसण्याला शब्दच नव्हता, कारण कुणी कुणाला फसवतच नव्हतं. खाली ‘अभिमानाने पुढे पाठवा’. मला तो चार ठिकाणांहून आला. पाठवणाऱ्यांत शिकलेली, भाषेवर जीव असलेली माणसं आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्या मुद्द्यात दिशाच उलटी आहे. संस्कृतात ‘स्थग्’ धातू आहे, अर्थ झाकणे, लपवणे. त्यातूनच ‘स्थग’ म्हणजे लबाड. प्राकृतात ‘स्थ’चा ‘ठ’ होतो, ‘स्थान’चं ‘ठाणं’ झालं तसाच. म्हणून हिंदी-गुजरातीत ठग, आपल्याकडे ठक. इंग्रजांनी हिंदीतला ठग उचलला आणि त्याचा ‘थग’ केला. कानडीतही लबाडाला ‘ठक्क’ म्हणतात. गडहिंग्लजकडच्या दोन्ही भाषा बोलणाऱ्या कुणालाही विचारा. आणि कोर्टाची ‘स्थगिती’? तीही याच धातूची.

‘झाकणे’ हा अर्थ मला शब्दकोशाआधी आज्जीने शिकवला. कॉलेजात असताना एकदा मी हौसेने गुळाचा रवा, म्हणजे ढेप, घरी आणला, वरून सोन्यासारखा पिवळा. आज्जीने विळीने कोपरा उडवला. आत काळपट, ओलसर. तिने नखाने खरवडून जिभेवर ठेवला आणि म्हणाली, “ठकलास की रं, लेकरा.” वरचा रंग आतलं झाकत होता. ‘स्थग्’चा याहून चांगला अर्थ मला कुणी सांगितलेला नाही.

दुसरा मुद्दा गळा आवळण्याचा. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांच्या ज्या टोळ्यांच्या मागे 1830च्या दशकात मोहीम लावली, ज्यांच्यासाठी 1836 साली वेगळा कायदा झाला, त्या खून करत हे खरं. पण त्यांची रीत बघा. आधी वाटसरूशी सलगी, मग त्याच्यासोबत मुक्कामामागून मुक्काम, त्याचा पुरता विश्वास बसला की फास. नाव पडलं ते सलगीच्या या लबाडीवरून. फासावरून पडलेलं नाव निराळंच होतं. दक्षिणेत अशांना ‘फासीगार’ म्हणत. इंग्रजीत पुढे लबाडी गळून गेली आणि ‘थग’ म्हणजे नुसता गुंड उरला. मराठीतला ठक आजही कुणाच्या अंगाला हात लावत नाही, गोड बोलून पैसे घेऊन जातो. ‘ठकास महाठक’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे मारामारी येते का?

‘थकणे’चा संबंध नाही. तो शब्द थांबण्याच्या अर्थातून आला आहे. दिवसभर ऊस तोडून माणूस थकतो, काट्यावर वजन मारलं तर ठकतो.

चौथा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. फसण्याला शब्द नव्हता म्हणे! ‘फसणे’ हाच शब्द ‘फास’च्या कुळातला, पारध्याच्या फाशात पाखरू अडकावं तसा. शिवाय भुलणे, नाडणे, नागवणे आहेत. आणि फसवणूक नव्हती म्हणायचं तर ती कोल्हापूरच्या मातीत तरी म्हणू नये. गगनबावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरच्या ग्रंथात टोपीकर, म्हणजे युरोपीय, व्यापाऱ्यांपासून सावध केलं होतं. वखारीच्या निमित्ताने त्यांना समुद्रकाठची जागा देऊ नका, असं बजावलं होतं. फसणं कशाला म्हणतात हे त्यांना कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती.

उलट ‘ठकणे’मध्ये एक बारकावा आहे. ‘ठकवलं’ म्हटलं की ठकवणारा कोण ते विचारावं लागतं. ‘ठकलो’मध्ये तो लागतच नाही, वाक्य ठकलेल्या माणसापाशीच पुरं होतं. त्या दिवशी आज्जीने गूळवाल्याचं नावही विचारलं नाही. “ठकलास” एवढंच म्हणाली, बोटाला लागलेला गूळ पदराला पुसला आणि उरलेला रवा फळीवर उचलून ठेवला.