काचेतली भुतं आणि माझी चूक

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, कारण निम्मी बरोबर आहे.

'कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या हाँटेड मॅन्शन या भुताटकीच्या सफरीचं कौतुक करताना तुम्ही व्हिडिओच्या पडद्यांना नावं ठेवता. मग काचगोळ्यात बोलणारी मादाम लिओटा काय आहे? प्रोजेक्टरच ना? तुमचं हे सगळं म्हणजे जुन्या दिवसांचा उमाळा आहे,' असं तुम्ही लिहिलंत. लिओटाबाबत हार मान्य. ती १९६९ पासून फिल्मच आहे. पण ती फिल्म सपाट पडद्यावर पडत नाही, चेहऱ्याच्या आकाराच्या पुतळ्यावर पडते. तिचं नाक खरोखर पुढे आलेलं असतं. 'पडदे वाईट' असं मी सरसकट लिहायला नको होतं. समोर एखादी खरी वस्तू आहे की नाही, एवढाच माझा मुद्दा.

नाचाचं दालन बघा. तिथे भली मोठी काच आहे. बाहुल्या आपल्या वाटेच्या वर-खाली अंधारात दडवलेल्या. त्यांच्यावर उजेड पडला की त्यांचं प्रतिबिंब पलीकडच्या दालनात तरंगतं. रात्रीच्या एसटीत आपलंच तोंड बाहेरच्या उसावरून पळताना दिसतं ना, तेच. ही करामत लंडनमध्ये १८६२ साली रंगमंचावर आली. (कल्पना हेन्री डर्क्स या इंजिनिअरची, नाव झालं ती रंगमंचावर आणणाऱ्या जॉन पेपरचं. असो.) प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं, म्हणून त्या जोड्यांत बाईच पुरुषाला नाचवताना दिसते. हे वाचून मग मी मुद्दाम तेवढंच बघायला गेलो. बाईच नाचवत होती, आणि तरीही भुतं भुतंच वाटली. युक्ती कळल्यावर मजा गेली नाही, उलट वाढली. हा जुन्या दिवसांचा उमाळा कसा? माझं लहानपण तिथे गेलेलंच नाही.

आणि सुरुवातीची ती उंच उंच ताणत जाणारी खोली? ती मुळात लिफ्ट आहे. सफरीची मुख्य इमारत डिस्नेलँडभोवतीच्या रेल्वेच्या बांधापलीकडे, म्हणून लोकांना जमिनीखालून न्यावं लागतं. त्या अडचणीचाच खेळ केला. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या हाँटेड मॅन्शनमध्ये अशी गरज नव्हती, तरी खेळ ठेवला. तिथे जमीन खाली न जाता छत वर जातं.

'मुलांना कंटाळा येतो' म्हणालात. माझी आठ वर्षांची भाची शेवटच्या आरशात आपल्या शेजारी बसलेलं भूत पाहून मागे वळून जागा चाचपत होती.

रांगेबद्दल मात्र तुमचं सगळं खरं. तासभर उभं राहून पायांत गोळे आले होते.